चांद नसलेल्या रात्री आकाशात काय पाहाल?

ईदचा चांद शोधायला परळ-लालबागच्या गच्च्यांवर मुलांची गर्दी होते. पण चांद नसलेल्या रात्री वर पाहिलंय का, असं वर्गात विचारलं की मुलं हसतात. शहराच्या उजेडात मोजकेच तारे दिसतात, मग पाहणार काय?

हजार वर्षांपूर्वी अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी अशाच अंधाऱ्या रात्री पाहिल्या. 903 मध्ये रय येथे जन्मलेल्या या विद्वानाने 964च्या सुमारास ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. ग्रीक विद्वान टॉलेमीची यादी त्यांनी नुसती उतरवली नाही, ताऱ्यांचं तेज स्वतः पाहून तपासलं. देवयानी समूहातल्या ढगासारख्या पुसट डागाची नोंदही केली. दुर्बीण यायला तेव्हा साडेसहाशे वर्षं होती.

तो डाग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची सर्पिल दीर्घिका आहे, हे विसाव्या शतकात एडविन हबल यांच्या निरीक्षणांतून पक्कं झालं. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला 25 लाख वर्षं लागतात. आपली आकाशगंगाही सर्पिल आहे आणि दोघी सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर वेगाने जवळ येत आहेत. टक्कर ठरलेलीच, असं पूर्वी मानत. 2025च्या एका अभ्यासाने मात्र पुढच्या 1000 कोटी वर्षांत तशी शक्यता साधारण निम्मीच सांगितली. मुलांनी घाबरू नये. ताऱ्यांमध्ये इतकं अंतर असतं की दीर्घिका एकमेकींत शिरल्या तरी तारे क्वचितच आदळतील.

अशी भेट सुरू झालेली जोडीही आकाशात आहे. व्याध ताऱ्याच्याच समूहातल्या एनजीसी 2207 आणि आयसी 2163 या दोन सर्पिल दीर्घिकांचं हबल दुर्बिणीने टिपलेलं छायाचित्र 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. मोठीचं गुरुत्वाकर्षण धाकटीला ओढून तिचा आकार बदलत आहे.

सुरुवात वरळीच्या नेहरू तारांगणापासून करा. मग दादरहून कर्जत लोकलने वांगणीला जाता येईल. तिथे खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी देवयानी उंचावर असते. इस्लामी महिन्याच्या शेवटच्या रात्री निवडा, तेव्हा संध्याकाळी चांद नसतो. साध्या द्विनेत्रीतून फक्त धूसर लांबट ठिपका दिसेल, रंगीत फोटोसारखं काही नाही, हे मुलांना आधीच सांगा.

आणि मुलींनाही न्या. आठवीतल्या एका मुलीच्या अम्मींनी ‘रात्रभर मुलगी बाहेर?’ म्हणून नकार दिला होता. मी म्हटलं, तुम्हीही चला. त्या आल्या. द्विनेत्री लेकीआधी त्यांनीच मागून घेतली आणि बराच वेळ सोडली नाही. ‘टीचर, हे आम्हाला कुणी दाखवलंच नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या.

कुरआन आकाशाकडे पाहून विचार करायला वारंवार सांगतं. अस-सूफींचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्यांनी केलं ते काम सोपं होतं: अंधारात जाऊन स्वतः पाहणं. या हिवाळ्यात एक रात्र मुलांसाठी काढा, इन्शाअल्लाह.