इसबगोल : भुसीचे मोल आणि एका सरीचा धोका

धान्याचा दाणा ठेवून भुसी टाकून द्यायची, हा व्यवहाराचा सर्वसाधारण नियम. इसबगोलात मात्र तो उलटतो. येथे भुसीलाच मोल, आणि उरलेला दाणा गुरांच्या आंबोणात जातो. बीच्या वजनाच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढी ही पांढरी भुसी भारतातून अमेरिका-युरोपपर्यंत पोहोचते.

'इसबगोल' हे नाव फारसीतून आले. बीचा आकार घोड्याच्या कानासारखा, म्हणून 'अस्पगोल'. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर हा त्याचा मुख्य प्रदेश; उंझ्याची बाजारपेठ जिऱ्या-बडीशेपेइतकीच इसबगोलासाठीही प्रसिद्ध आहे.

हे रब्बीचे पीक. नोव्हेंबरमध्ये हेक्टरी चार-पाच किलो बी पेरतात. बी अतिशय बारीक असल्याने ते खोल गेल्यास उगवत नाही. निचऱ्याची हलकी जमीन, कोरडी थंडी आणि बेताचे पाणी एवढीच पिकाची अपेक्षा. चार महिन्यांत ओंब्या तांबूस होतात. सकाळी दव सुकल्यावर कापणी करतात, म्हणजे दाणे कमी झडतात.

खरी कसोटी याच वेळी असते. पाणी शोषून फुगणे हा भुसीचा गुण औषधात वरदान ठरतो, तर शेतात तोच शाप. फेब्रुवारी-मार्चमधील एखादी अवकाळी सर आली की पक्व दाणे ओंबीतच फुगतात आणि गळून पडतात. चार महिन्यांचे श्रम व त्यावर काढलेले कर्ज एका दुपारीत मातीमोल होते.

बद्धकोष्ठावर भुसी पोटात फुगून मळ मऊ करते. हृदयविकाराचा धोका कमी करण्यास तिचा उपयोग होऊ शकतो, असा दावा वेष्टनावर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये अनुमती दिली. मात्र भुसी कोरडी कधीही घेऊ नये. ती घशात अडकू शकते. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी. इतर औषधे व भुसी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. गिळण्यास त्रास होत असल्यास किंवा आतड्यात अडथळा असल्यास ती वर्ज्य समजावी.

भुसीचा भाव शुद्धतेवर ठरतो : ८५, ९५, ९८, ९९ टक्के. या आकड्यांतील प्रत्येक टक्का म्हणजे व्यापाऱ्याने दिलेला शब्द. पुडी उघडणारा रुग्ण शेत पाहत नाही, गिरणीही पाहत नाही. तो केवळ त्या शब्दावर विसंबून पेला ओठांना लावतो.