शिकाऊ परवान्याची घरबसल्या परीक्षा

मोटार शिकूं इच्छिणाऱ्या अक्कलकोटकरास शिकाऊ परवान्यासाठीं पूर्वीं परिवहन खात्याच्या परीक्षेस समक्ष हजर राहावें लागे. सन 2021 पासून आधार क्रमांक असणाऱ्यास ती घरीं संगणकावर देतां येते. प्रथम रस्तासुरक्षेचा धडा चित्रफितीवर पाहावा लागतो. मग प्रश्न येतात. शेकडा 60 उत्तरें बरोबर आलीं म्हणजे सहा महिन्यांचा शिकाऊ परवाना मिळतो. 30 दिवसांनंतर प्रत्यक्ष वाहन चालवून पक्का परवाना मिळवावयाचा असतो.

घरीं शेजारीं पर्यवेक्षक नसतो, म्हणून कोणी धडा न पाहतांच दुसऱ्याकडून उत्तरें देववितात. हा मोह टाळावा, असें आम्हांस वाटतें. सोलापूरच्या रस्त्यावर रात्रीं उंसाची बैलगाडी किंवा स्वामींच्या दर्शनास पायीं निघालेले यात्रेकरू अकस्मात् समोर दिसले, तर तेथें दुसऱ्याचें उत्तर कामास येत नाहीं.