स्मृतिभ्रंश: वस्तीपातळीवरील जाणीव आणि सेवा

मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘अरळु-मरळु’. दोन्ही शब्दप्रयोग विस्मरणाला वयाचा भाग ठरवतात, त्यामुळे कुटुंब डॉक्टरकडे उशिरा पोहोचते. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया. अल्झायमर हे त्याचे प्रमुख कारण. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना हा विकार आहे.

फरक ओळखा. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे नेहमीचे; ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे ही तपासणीची खूण. बी-१२ची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही अशी लक्षणे दिसतात आणि ती उपचारांनी सुधारू शकतात. उशीर झाला की ही संधी हुकते.

मैसूरचे उदाहरण. येथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९३४ पासूनच्या जन्मनोंदी आहेत. त्यांच्या आधारे जन्मवेळचे वजन आणि उतारवयातील आकलनक्षमता यांचा संबंध अभ्यासला गेला. पण संशोधन आणि घरातली मदत यांत अंतर असते. नजरबादसारख्या वस्तीत ते भरून काढण्यासाठी तीन गोष्टी लागतात:

१. जाणीव: आशा कार्यकर्त्या आणि औषध दुकानदारांना लक्षणांची माहिती.
२. निदान: जवळच्या आरोग्य केंद्रात प्राथमिक चाचणी, गरजेनुसार तज्ज्ञाकडे पाठवणी.
३. आधार: काळजीवाहकाला, बहुधा सून किंवा मुलीला, आठवड्यातून काही तास विश्रांती.

ज्येष्ठांसाठी ‘एल्डरलाइन’ १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ १४४१६ या मोफत सेवा आहेत.

स्वाध्याय: तुमच्या वस्तीत या तीनपैकी काय उपलब्ध आहे? नकाशावर नोंदवा.