स्वतंत्रपूर: राग, विश्वास आणि शिक्षा

गुन्ह्यामागची भावना कायदा विचारात घेतो. एकाएकी आणि गंभीर चिथावणी मिळून भान सुटलेल्या माणसाच्या हातून हत्या घडली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. पण रागाला मुदत असते. मुंबईच्या नानावटी खटल्यात (घटना 1959) चिथावणी आणि हत्या यांमध्ये काही तास उलटून गेल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव नाकारला.

शिक्षा भोगताना मात्र माणसाच्या मनाचा विचार फारसा होत नाही. असा विचार औंध संस्थानात झाला. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर संस्थानातले आटपाडी सांगली जिल्ह्यात. 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा पाठिंबा होता, कल्पना पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रिडमन यांची. गांधीविचाराने भारावलेले हे गृहस्थ भारतानंद नावाने ओळखले जात. इथला कैदी कोंडलेला नव्हता. तो शेती करी, बायकामुलांसोबत राही. पळून जाण्यापासून त्याला अडवत होते ते घर आणि टाकलेला विश्वास. मला यातले धाडस फार मोठे वाटते, कारण हे खुनाची शिक्षा झालेल्यांबाबत करायचे होते. जवळच्याच माडगूळचे ग. दि. माडगूळकर यांनी यावर कथा लिहिली आणि तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. संस्थान विलीन झाले, तरी ही खुली वसाहत राज्याच्या कारागृह विभागाने चालू ठेवली.