हर्मानसच्या किनाऱ्यावरील देवमासे

दक्षिण आफ्रिकेतील हर्मानस येथील कड्यांवरून जून ते नोव्हेंबर या काळात 'सदर्न राइट' जातीचे देवमासे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. प्रसूतीसाठी व पिलांच्या संगोपनासाठी ते वॉकर उपसागराच्या उथळ पाण्यात येतात. किनाऱ्याचे सान्निध्य, मंद गती व मेल्यावरही तरंगणारे शरीर यांमुळे शिकाऱ्यांनी त्यांस शिकारीस 'योग्य' मानले; 'राइट' हे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. १९३५ साली त्यांस आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाले. डोक्यावरील खरखरीत उंचवट्यांच्या रचनेवरून प्रत्येक देवमासा निराळा ओळखता येतो. १९७९ पासूनच्या हवाई छायाचित्रांवरून मादी साधारणतः ३ वर्षांनी विते, असे आढळले. २०१० नंतर मात्र हे अंतर वाढले. दक्षिण महासागरातील अन्नटंचाई हे त्याचे संभाव्य कारण होय. ज्या सवयीने ही जात विनाशाप्रत गेली, तीच सवय आज दूरच्या सागराचे वर्तमान किनाऱ्यावर आणते.