छंद आधी सुटतो की स्मृती?

वाचता का? पत्ते, बुद्धिबळ खेळता? शब्दकोडी सोडवता? एखादं वाद्य वाजवता? नाचता, पोहता, चालायला जाता? आणि हे सगळं आठवड्यातून किती दिवस? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे प्रश्न विचारले गेले. तेव्हा त्यांच्यापैकी कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या तपासण्या होत राहिल्या आणि १२४ जणांना तो झाला. डॉ. जो वर्गीस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा हिशेब मांडला. बौद्धिक छंदांत सर्वांत रमणाऱ्या एक तृतीयांश लोकांचा धोका सर्वांत कमी रमणाऱ्या तृतीयांशापेक्षा ६३ टक्क्यांनी कमी होता. शारीरिक हालचालींच्या लांबलचक यादीतून मात्र एकटं नृत्यच फायद्याचं ठरलं. ताल ऐकायचा, पावलं लक्षात ठेवायची, जोडीदाराशी जुळवून घ्यायचं, यात मेंदूला भरपूर काम पडतं. कारण तेच असावं असं मला वाटतं, पण या अभ्यासातून ते सिद्ध होत नाही.

तेव्हापासून ‘कोडी सोडवा, विस्मरण टाळा’ हा सल्ला जगभर फिरतो आहे. त्यात एक मोठी अडचण आहे. अल्झायमरचा आजार निदानाच्या दहा-वीस वर्षं आधीपासून मेंदूत पसरत असतो. मग छंद नव्हता म्हणून आजार झाला, की आजार आत शिरला म्हणून छंद सुटला? वर्गीस यांनी आजाराची चाहूल असण्याची शक्यता असलेल्यांना वगळूनही आकडे तपासले. संबंध टिकला, पण पाच-सात वर्षांच्या पाठपुराव्यात या शंकेचं पूर्ण निरसन होत नाही.

म्हणून ब्रिटनमधला व्हाइटहॉल अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सरासरी ५६ वर्षांच्या ८,२८० सरकारी कर्मचाऱ्यांचे छंद नोंदवून त्यांच्यावर सरासरी १८ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष असा, की मध्यमवयातल्या छंदांचा पुढच्या स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसला नाही. मात्र ज्यांचे छंद वर्षांगणिक कमी होत गेले, त्यांच्यात हा आजार जास्त आढळला. छंद सुटणं हीच कित्येकदा आजाराची पहिली खूण असू शकते, असा याचा अर्थ निघतो.

मग छंद निरुपयोगी का? अजिबात नाही. ब्राँक्सच्याच गटातल्या, पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या १०१ जणांचा २००९ मध्ये स्वतंत्र अभ्यास झाला. आठवड्यातल्या बौद्धिक छंदाच्या प्रत्येक जादा ‘दिवसा’मागे स्मृतीची वेगवान घसरण सुमारे दोन महिने पुढे गेलेली दिसली. एका दिवशी वाचन आणि पत्ते दोन्ही झाले तर ते दोन ‘दिवस’ धरले होते. पण घसरण सुरू झाल्यावर जास्त छंद असलेल्यांची स्मृती इतरांपेक्षा भरभर ढासळली. मेंदूची ‘राखीव क्षमता’ म्हणतात ती हीच असावी. आत नुकसान होत असतं, पण सरावलेला मेंदू दुसऱ्या वाटांनी काम भागवतो. त्या वाटाही संपल्या की झाकलेलं सगळं एकदम उघडं पडतं. घरच्यांना वाटतं, ‘चार महिन्यांत काय झालं हे!’

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण स्त्रियांत आणि ग्रामीण भागात जास्त आहे. वाचन-लेखनाने भरलेली ब्राँक्सची प्रश्नावली जिला शाळाच मिळाली नाही त्या आजीला लावली, तर तिच्या नावापुढे जवळपास शून्य पडेल. शेकडो ओव्या तोंडपाठ असणं, सगळ्या गोतावळ्याची नाती सांगता येणं, यासाठी त्या यादीत रकानाच नाही. आपल्याकडे प्रश्नावली बनवताना हे रकाने घालायलाच हवेत.

तोवर घरात एवढं करता येईल. भजनाला न चुकता जाणारी आई अचानक ‘नको वाटतं’ म्हणू लागली, वडिलांनी रोजचं कोडं अर्धवट टाकायला सुरुवात केली, तर तो वयाचा कंटाळा समजून सोडून देऊ नये. नीट ऐकू येतं का, दिसतं का, मन उदास आहे का, हे आधी पाहावं. या तिन्हींमुळेही छंद सुटतो, तिन्हींवर उपाय आहेत आणि तिन्ही गोष्टी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या घटकांत मोडतात. हे सगळं ठीक असेल, तर स्मृतीची तपासणी करून घ्यायला डॉक्टरांकडे जावं.