शरदातील टांग्याची फेरी

वर्षाऋतू सरला, आश्विन उजाडला, की महाराष्ट्राची भूमी न्हाऊन-माखून बसलेल्या लेकुरवाळीसारखी प्रसन्न दिसू लागते. आकाश निरभ्र होते, रस्त्यांवरील चिखल वाळतो, पण धूळ अजून उडू लागलेली नसते. ओढ्यांना पाणी असते, पण पूर नसतो. गाडीघोड्याने सावकाश फिरून यावयाचे असेल, तर याहून चांगला काळ वर्षात दुसरा नाही. ग्रीष्मात रस्ता तापतो आणि वर्षाकाळात चाक रुतते. शरदात मात्र रस्ता घोड्याच्या टापेला आणि माणसाच्या डोळ्याला सारखाच सुखावह वाटतो.

मुलांनो, तुमच्यापैकी फार थोडे जण टांग्यात बसले असतील. एके काळी मात्र रेल्वेच्या स्थानकाबाहेर टांग्यांची रांग उभी असे. महाबळेश्वरास जाणारे प्रवासी वाठार स्थानकावर उतरत आणि तेथून टांग्याने वाई, पाचगणी या मार्गाने डोंगर चढून जात. पुढे मोटार आली व टांगा मागे पडला. आज तो क्वचितच आढळतो. तरीही या वाहनाची रचना, ते ओढणाऱ्या प्राण्याचा स्वभाव आणि त्यात बसणाऱ्याचे कर्तव्य या तिन्ही गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत. त्यासाठी आपण वाईहून मेणवलीपर्यंत टांग्याने निघालो आहोत, अशी कल्पना करू. अंतर सुमारे तीन किलोमीटरांचे आहे. मोटारीला ते पाच-सात मिनिटांचे. आपल्याला मात्र अर्धा तास लागेल, आणि त्या अर्ध्या तासासाठीच तर आपण निघालो आहोत!

प्रथम टांगा पाहू. टांग्याला दोन चाके असतात. चाकाच्या मध्यभागी तुंबा, तुंब्यातून किरणांसारखे निघालेले लाकडी आरे, भोवती लाकडाची गोल कड आणि त्या कडेवर चढविलेली लोखंडी धाव, अशी चाकाची रचना असते. आवाज व धक्के कमी व्हावेत म्हणून कित्येक टांग्यांच्या चाकांवर रबराची पट्टीही बसवितात. चाक उंच का असते? लहान चाक खळग्यात चटकन उतरते व बाहेर निघताना अडते. मोठे चाक तोच खळगा सहज ओलांडून जाते. त्यामुळे घोड्याचे श्रम वाचतात.

टांग्यातील बैठक पाठीला पाठ लावून केलेली असते. पुढे हाकणारा व एक-दोन माणसे बसतात. मागील माणसे पाठमोरी बसतात. पुढच्याला येणारा रस्ता दिसतो, मागच्याला सोडून आलेला रस्ता दिसतो. या बैठकीत केवळ सोय नाही, समतोलही आहे. दोन चाकांचे वाहन म्हणजे एक तराजूच होय. पुढे भार अधिक झाला, तर दांड्या खाली दबून सारे ओझे घोड्याच्या पाठीवर येते. मागे भार अधिक झाला, तर दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालून आवळलेला तंग घोड्याला काचू लागतो. म्हणून जाणता टांगेवाला माणसे चढताच दांड्यांकडे नजर टाकतो आणि म्हणतो, "तुम्ही जरा पुढे सरका, बाबासाहेब, घोड्याच्या पोटाला ओढ बसते." हा त्याचा आगाऊपणा नव्हे, ते त्याचे शहाणपण होय.

आता घोड्याकडे वळू. निघण्यापूर्वी त्याची तपासणी केलीच पाहिजे. खरारा करून अंग स्वच्छ केले आहे काय? साजाच्या पट्ट्याखाली कोठे कातडे सोलवटले आहे काय? चारी खूर उचलून पाहावेत. खुरात अडकलेला एखादा खडाही घोड्याला लंगडा करू शकतो. खूर आपल्या नखांप्रमाणे सतत वाढत असतात, म्हणून साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून नाल काढून, खूर तासून, पुन्हा नाल ठोकून घ्यावे लागतात. मोठा घोडा दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पितो. निघण्यापूर्वी त्याला पाणी दाखविले पाहिजे. मात्र पोटभर चंदी चारून लगेच जुंपणे धोक्याचे असते. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी होऊ शकत नाही. खाल्लेले बाधले, तर ते बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला निसर्गाने दिलेला नाही. म्हणून त्याला थोडे-थोडे व वेळच्या वेळी खाऊ घालावे लागते.

घोड्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. न दिसणारी जागा मुख्यतः दोन: कपाळाच्या अगदी समोरची आणि पाठीमागची. म्हणूनच घोड्याच्या मागून मुकाट्याने जाऊ नये. बाजूने यावे आणि येताना शब्द द्यावा. टांग्याच्या घोड्याला डोळ्यांच्या कडेला झापडे लावतात, ती मागचे फिरते चाक पाहून तो बिथरू नये म्हणून. त्याचे मन ओळखावयाचे असेल, तर कान पाहावेत. कान पुढे टवकारलेले असतील, तर त्याचे लक्ष समोरच्या वस्तूकडे आहे; कान मागे चिकटले असतील, तर तो रागावला आहे किंवा भ्याला आहे, असे समजावे.

सकाळी सातच्या सुमारास आपण वाईच्या गणपती घाटावरून निघालो. येथील ढोल्या गणपतीचे मंदिर रास्ते यांनी १७६२ साली बांधले. देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे, ही तिची योजना. चाक उंच करणारा सुतार आणि भिंत निमुळती करणारा गवंडी, दोघांनीही विरोधाशी झुंजण्याऐवजी त्याला वाट काढून दिली!

पहिली दहा मिनिटे घोड्याला केवळ चालू द्यावे. रात्रभर उभे राहून आखडलेले स्नायू हळूहळू मोकळे होतात. चालताना घोडा ताशी सुमारे सहा किलोमीटर जातो. दुडक्या चालीने त्याच्या दुप्पट जातो. हाकणाऱ्याने लगाम ताणून धरू नये, सैलही सोडू नये. लगामाचे टोक घोड्याच्या कोवळ्या तोंडात आहे, याचे भान बोटांना असावे. चांगला हाकणारा चाबकापेक्षा जिभेने अधिक काम करतो. त्याचे टिचकणे, त्याची हाक घोडा ओळखतो. रस्त्याच्या डाव्या कडेने जावे. मागून मोटारीचा भोंगा वाजला, तर घाबरून लगाम खेचू नये. धीम्या आवाजात घोड्याशी बोलत राहावे. हाकणाऱ्याच्या हातातील भीती लगामातून घोड्याच्या तोंडापर्यंत पोहोचते.

गाव मागे पडले, की शरदाचे खरे दर्शन घडते. शेतात उसाचे हिरवेगार फड उभे आहेत, हळदीची रुंद पाने दवाने ओथंबली आहेत. डोंगरउतारावर सोनकीची पिवळी फुले फुलली आहेत. तारेवर काळा कुळकुळीत कोतवाल आपली दुभंगलेली शेपूट हलवीत बसला आहे. पाण्याच्या काठी शेपटी वरखाली नाचविणारा धोबी पक्षी दिसतो. तो हिवाळा काढण्यासाठी उत्तरेकडून नुकताच आलेला पाहुणा आहे. कृष्णेचे पाणी निवळलेले दिसते. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळते, असे आपले पूर्वज म्हणत. पाऊस थांबल्याने शेतांतील माती वाहून येणे बंद होते आणि पाण्यातील गाळ तळाशी बसतो, हे त्याचे कारण; त्याच सुमारास पहाटेच्या आकाशात अगस्ती दिसू लागतो. मोटारीतून यांतील किती गोष्टी दिसल्या असत्या बरे?

वाटेत एखादा चढ लागतो. येथे टांगेवाला खाली उतरून घोड्याबरोबर चालू लागतो, आणि धडधाकट प्रवाशांनीही उतरावे. याचे गणित सोपे आहे. टांगा व माणसे यांचे वजन मिळून ४०० किलो धरा. वीस मीटर अंतरात एक मीटर उंची चढावयाची असेल, तर सपाट रस्त्यावरील ओढीशिवाय वजनाचा विसावा भाग, म्हणजे २० किलो वजन सतत उचलून धरण्याइतका जादा जोर घोड्याला लावावा लागतो; शिवाय स्वतःचा देह चढवावा लागतो तो वेगळाच. उतारावर उलट घडते. टांगा घोड्याला मागून रेटू लागतो, आणि पुठ्ठ्यावरून गेलेला पट्टा तो रेटा पेलतो. म्हणून उतारावर दुडकी चाल कधीही धरू नये.

मेणवलीस नाना फडणीस यांचा वाडा व कृष्णाकाठचा दगडी घाट आहे. घाटावरील देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्यानंतर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. आपण घाट पाहावयास जाऊ. पण त्याआधी घोडा झाडाच्या सावलीत उभा करावा, तंग सैल करावा, आणि त्याचा श्वास शांत झाल्यावर त्याला पाणी पाजावे. आपली हौस दुसरी, त्याची विश्रांती पहिली.

आता एक कठीण प्रश्न. समजा, परतताना घाटावर सहा माणसांचे एक कुटुंब भेटले. "आम्हा सर्वांना एकाच फेरीत वाईला न्या, वर दोन पैसे अधिक देऊ," असे ते टांगेवाल्यास म्हणाले. टांगेवाला गरीब आहे. त्याच्या घरी मुले आहेत. त्याने काय करावे? १९६५ साली आपल्या देशात ओढकाम करणाऱ्या जनावरांच्या संरक्षणासाठी नियम करण्यात आले. त्यांनुसार हाकणारा व सहा वर्षांखालील मुले वगळून चारांहून अधिक माणसे अशा वाहनात बसवू नयेत. जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये. तापमान ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला जुंपू नये. पण नियम पाळणे केवळ टांगेवाल्यावर सोपविणे न्यायाचे नाही. त्याच्यापुढे मोह ठेवतो तो प्रवासीच. त्या कुटुंबाने दोन फेऱ्यांचे भाडे द्यावे, किंवा तरण्याताठ्यांनी पायी यावे. पैसे वाचविण्याचा निर्णय माणसे करतात. त्याची किंमत मात्र घोड्याला मोजावी लागते, आणि त्याला कोणी विचारीत नाही.

ही किंमत मोजली गेली नाही, तेथे काय झाले हेही ध्यानात ठेवावे. मुंबईच्या समुद्रकिनारी करमणुकीसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या. घोड्यांची आबाळ, अपुरे तबेले व कठीण रस्ते यांविषयीच्या तक्रारी त्यामागे होत्या. त्या गाड्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा शोधावा लागला. जनावराची हेळसांड अखेर माणसाच्याही अंगावर येते, ती अशी.

परतीच्या वाटेवर पुढच्या व मागच्या माणसांनी जागा बदलून घ्याव्यात, म्हणजे प्रत्येकाला दोन्ही दृश्ये मिळतात. ऊन चढण्यापूर्वी, नऊ-साडेनऊपर्यंत, वाई गाठावी. आश्विनातील दुपारचे ऊन भाद्रपदापेक्षाही बोचते. शेवटचे अर्धे किलोमीटर पुन्हा केवळ चालीने यावे, म्हणजे घोड्याचा घाम वाळू लागतो. मग साज उतरवून त्याचे अंग पुसावे, खूर पुन्हा पाहावेत, गवत घालावे आणि काही वेळाने तोबरा बांधावा.

दसऱ्याच्या दिवशी घोड्याला न्हाऊ घालून, गळ्यात झेंडूची माळ बांधून त्याची पूजा करण्याची आपल्याकडे चाल आहे. ती सुंदर आहे. पण घोड्याला माळेचे महत्त्व कळत नाही. त्याला कळते ते सैल केलेल्या तंगाचे, सावलीचे आणि बादलीभर थंड पाण्याचे. ज्याने वर्षभर हे त्याला दिले, त्यानेच दसऱ्याला त्याच्या गळ्यात माळ घालावी.